जुन्यावर बरं दिसायचं

नवा टीव्ही घरात आला की आठवड्याभरात मला फोन येतो आणि वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. "अहो, एवढे पैसे घातले, पण जुन्यावरच बरं दिसायचं हो!" बोलणारा जरा ओशाळलेला असतो. घरच्यांसमोर हे बोलायची सोय नसते, कारण टीव्ही निवडलेला त्यानंच असतो. काही जण तर गॅलरीत येऊन फोन करतात. मागून रिक्षांचे आवाज येतात त्यावरून कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी आयटीआय करून पुण्यात या धंद्यात आलो. तेव्हा फोन किंवा निरोप यायचा तो टीव्ही बिघडला म्हणून. ट्यूब गेली, आवाज आहे पण चित्र नाही, चित्राची एक आडवी रेघ झाली. आता बिघाडाचे फोन कमी झालेत. टीव्ही ठणठणीत असतो, काही तुटलेलं नसतं, जळलेलं नसतं, फक्त चित्र मनासारखं नसतं. असं काम बिलात काय म्हणून लिहायचं हा प्रश्नच असतो. मी 'सेटिंग' लिहितो.

ही तक्रार खोटी नसते, हे आधी सांगून टाकतो. जुन्यावर खरंच बरं दिसायचं.

आपल्याकडच्या पॅल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी, त्यातल्या पडद्यावर दिसणाऱ्या ५७६. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत या ओळी काढायचा. झोत पडला तिथला ठिपका उजळायचा, पण त्याची कड पुसट असायची; तो शेजारच्या ओळीत थोडा मिसळायचा. या पुसटपणात प्रक्षेपणातले बरेच दोष झाकले जायचे. आजच्या सपाट पॅनेलवर तसं होत नाही. प्रत्येक ठिपक्याला ठरलेली चौकट असते आणि ती कशानं तरी भरावीच लागते. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. फोरके टीव्हीचे ठिपके ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. भागून बघा, बरोबर वीस पट येतं. म्हणजे साधी वाहिनी फोरके टीव्हीवर लावली की दर वीस ठिपक्यांपैकी एक खरा आणि एकोणीस टीव्हीनं अंदाजानं भरलेले. एका माणसाच्या आमटीत पाणी घालून वीस जणांची पंगत उठवायची, तसला प्रकार. महागडा टीव्ही हे पाणी जरा हुशारीनं घालतो, स्वस्त टीव्ही नुसतंच घालतो, एवढाच फरक.

लोक टीव्ही घेतात, चित्र घेत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय. टीव्ही दुकानातून येतो. चित्र घरात ठरतं. कुठली वायर लावलीय, कुठला नंबर दाबलाय, कुठल्या उंचीवर ठोकलाय, यावर.

कर्वेनगरला एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे गेलो होतो. पंचावन्न इंची फोरके टीव्ही, नामांकित कंपनीचा, एचडी सेट टॉप बॉक्स, एचडीचा पॅक दर महिन्याला भरलेला. काकांनी सगळी बिलं फाईलला लावून ठेवली होती. पडद्यावर मालिका चालू होती आणि तिच्यातली सासू वाजवीपेक्षा रुंद दिसत होती. तोंडावरची रंगरंगोटी पाण्यात भिजल्यासारखी. मी काही न बोलता टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागं डोकं घातलं. पिवळी, लाल, पांढरी. तीच तीन रंगांची जुनी पिन, जी व्हीसीआरच्या काळापासून आपल्या घरांत आहे. बॉक्समधून एचडी चित्र निघू शकतं खरं, पण या पिवळ्या पिनेतून ते जातच नाही. तिच्यातून साधंच चित्र जातं. म्हणजे काका दर महिन्याला एचडीचे पैसे भरत होते, एचडी डिशवरून उतरत होतं, बॉक्सपर्यंत येत होतं, आणि टीव्हीपासून दोन फुटांवर अडत होतं.

"बॉक्सबरोबर एक चपटी वायर आली होती का?" मी विचारलं.

काकूंनी टीपॉयचा खण उघडला. वॉरंटी कार्डांच्या खाली, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेली एचडीएमआय केबल पडलेली. जोडायला आलेल्या पोरानं जुनी वायर लोंबकळताना पाहिली, तीच खुपसली आणि चित्र आलं म्हणताच निघून गेला. मी त्या पोराला फार दोष देत नाही. त्याला दिवसाला किती घरं उरकायची असतात ते मला ठाऊक आहे.

केबल लावून काम संपलं नाही. बॉक्सच्या मेनूत जाऊन पाहिलं तर त्याचं आउटपुट ५७६ वर होतं. ते १०८० वर नेलं. मग चित्राचा आकार १६:९ केला आणि सासूबाई पूर्ववत सडपातळ झाल्या. तरीही मालिका धूसरच. कारण तिसरंच निघालं. आपल्याकडे बऱ्याच वाहिन्या दोनदा असतात, एकदा साध्या आणि एकदा एचडी, आणि दोन्हींचे नंबर वेगळे. काकूंना साधा नंबर पाठ. वर्षानुवर्षं बोटं तोच दाबतात. एचडीचा नंबर दाबून दाखवला तसा नायिकेच्या शालूचा पदर, त्यावरची बुट्टी, सगळं सुटं सुटं दिसायला लागलं. काका खूश झाले. काकू म्हणाल्या, "दिसतंय छान, पण आता हे सगळे नंबर मी पुन्हा पाठ करायचे का?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही बसून त्यांच्या सहा-सात वाहिन्या रिमोटच्या फेव्हरिटमध्ये टाकल्या. त्या कामाला वायर बदलण्याच्या चौपट वेळ लागला.

मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ च्या सुमाराला आल्या, आणि २०१९ पासून वाहिन्या सुट्ट्या निवडायची मुभा आहे. तेव्हा सरसकट मोठा पॅक घेण्यापेक्षा घरात खरोखर लागतात त्या चार-पाचच वाहिन्या एचडीत घ्या, बाकीच्या साध्या राहू द्या. बातम्यांच्या वाहिन्या एचडीत बघून कुणाचं काय भलं होतंय? आणि दूरदर्शनची फ्री डिश लावलेली असेल तर तिथं बहुतेक सगळं साधंच आहे. अशा घरानं मोठ्या पडद्याचा हट्ट धरू नये. बत्तीस इंचावर तेच चित्र डोळ्यांना खुपत नाही.

वायरीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दुकानात टीव्हीबरोबर सोनेरी पिनांची महागडी एचडीएमआय केबल गळ्यात मारतात. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. ते नीट पोचले तर चित्र येतं, नाही पोचले तर चित्र तुटतं, चमकतं किंवा जातं. सोन्याच्या मुलाम्यानं रंग गडद होत नाहीत. दोन मीटरची साधी, चांगली बसणारी केबल घ्या. ती सैल बसत असेल तर मात्र बदला, कारण सैल केबलीपायी मी बरेच जिने चढलोय.

गणपतीनंतरचा आठवडा आमचा या कामाचा हंगाम. मखरासाठी टीव्ही काढून आतल्या खोलीत ठेवलेला असतो, विसर्जन झालं की पुन्हा जागेवर येतो, आणि मग 'नो सिग्नल' म्हणून फोन सुरू. वायर एचडीएमआय दोनमध्ये खोचलेली आणि टीव्ही बघतोय एककडे. हे फोनवरच सुटतं. त्याचे पैसे घेत नाही.

आता खरेदीचं. "कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी कंपनी सांगत नाही. मी विचारतो, भिंतीपासून सोफा किती फुटांवर आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. टेप काढून मोजा, मग दुकानात जा. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, तेव्हा त्रेचाळीस इंची टीव्ही रुंदीला साधारण पंच्याण्णव सेंटिमीटर भरतो आणि पंचावन्न इंची चार फूट. शोकेसचा कप्पा सुताराकडून आधीच करून घेतलेला असेल तर हे आधी बघा. कप्प्यात बसेना म्हणून प्लायवूडची कड रंधा मारून घेतलेली घरं मी पाहिली आहेत.

ठिपक्यांचंही गणित अंतराशीच बांधलेलं आहे. त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्हीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी नजरेलाही साडेपाच-सहा फुटांपलीकडून तो सुटा दिसत नाही. पुण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये हॉलची रुंदी दहा-अकरा फूट; सोफ्यावर टेकून बसलं की डोळे आणि पडदा यांत आठ फूट राहतात. आठ फुटांवरून त्रेचाळीस इंचात फुल एचडी आणि फोरके यांतला ठिपक्यांचा फरक कळणं जवळजवळ अशक्य आहे. पंचावन्न इंचात सात फुटांच्या आत बसलात तर थोडा कळेल. हल्ली त्रेचाळीसच्या पुढं फुल एचडी शोधूनही मिळत नाही, सगळे फोरकेच असतात, तेव्हा घ्या तोच. फक्त त्या एका शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. बत्तीस इंचात 'एचडी रेडी' लिहिलेलं असतं, म्हणजे १३६६ बाय ७६८. आतल्या खोलीला ते पुरतं. आणि जाहिरातीत 'फोरके सपोर्टेड' असं दिसलं तर थांबा आणि पॅनेलचे आकडे विचारा. फोरके आत घेतो आणि कमी ठिपक्यांत दाखवतो, असा टीव्हीही या शब्दांत विकता येतो. एचडीआरचंही तसंच. ते तेजासाठी आहे, आणि स्वस्त पॅनेलमध्ये तेवढं तेजच नसतं. खोक्यावर शिक्का असतो, पडद्यावर काही नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याआधी करापायी बत्तीसवर अडणारी बरीच घरं होती. आता ते कारण राहिलेलं नाही.

शोरूममध्ये टीव्ही बघून टीव्ही कळत नाही. पांढऱ्या लख्ख दिव्यांखाली रांगेनं वीस पडदे, सगळ्यांवर तेच चित्र: पोपटाची पिसं, कापलेलं कलिंगड, धबधबा, रात्रीचं झगमगतं शहर. हे पेनड्राईव्हवरचं खास तयार केलेलं फोरके चित्रण. पोपट कुठल्याही टीव्हीवर छान दिसतो. शिवाय टीव्ही दुकानी मोडमध्ये असतो, तेज आणि रंग शेवटच्या टोकाला ताणलेले, म्हणजे शेजारच्यापेक्षा उठून दिसावा. गिऱ्हाईक सगळ्यात भडक असतो तोच उचलतो. मी सोबत गेलो तर सेल्समनला सांगतो, बाबा, पोपट बंद कर आणि साधी बातम्यांची वाहिनी लाव. चांगला सेल्समन लावतो. मग माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. गाल टोमॅटोसारखे नकोत आणि मेणाचेही नकोत. रात्रीचा प्रसंग लावायचा. काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का, की नुसताच काळा ठोकळा? आणि समोरून हलून बाजूला जायचं, थोडं खाली वाकायचं. काही पॅनेलमध्ये बाजूनं बघितलं की रंग उतरतात, पण समोरून काळा रंग दाट दिसतो. काहींत बाजूनंही रंग टिकतात, पण काळा करडा वाटतो. ज्या घरात आजोबा आरामखुर्चीत कोपऱ्यात बसतात आणि पोरं जमिनीवर लोळतात, तिथं दुसरा प्रकार बरा. एकटा माणूस रात्री दिवे घालवून सिनेमे बघत असेल तर पहिला. हे सेल्समनला विचारलं तर तो क्यूएलईडी, मिनी एलईडी असले शब्द तोंडावर फेकेल. तुम्ही आपले वाकून बघा. लोक बघतात तुमच्याकडे, बघू देत.

घरी आल्यावर पहिलं काम हे की मोड 'होम' करायचा. नंतर मी 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' लावतो आणि मग हमखास आवाज येतो, "अहो, हे पिवळट दिसतंय." दिसणारच. इतके दिवस निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. मी म्हणतो, दोन-तीन दिवस बघा, नाही आवडलं तर येऊन पूर्ववत करून देतो. परत बोलावणारे थोडेच. दुसरं, शार्पनेस. लोकांना वाटतं तो वाढवला की स्पष्ट दिसेल. तो नुसत्या कडा कोरतो. साडीच्या काठाला पांढरी किनार येते, केस तारेसारखे होतात. साध्या वाहिनीवर तर त्यानं घाणच जास्त दिसते. कमी करा, जवळजवळ शून्यापर्यंत. तिसरी गोष्ट हलत्या चित्राची. प्रत्येक कंपनीचं तिला स्वतःचं नाव आहे, पण काम एकच: दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही आपल्या मनानं तिसरं चित्र घालतो. क्रिकेटला ठीक. सिनेमाला लावलं की कोट्यवधींचा सिनेमा घरच्या लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसायला लागतो. सिनेमा बघताना ते बंद करायचं.

आणि दोन्ही बाजूंचे काळे पट्टे. याच्यावरून मी जितके वाद घातलेत तितके कशावरून घातले नसतील. "एवढ्या मोठ्या पडद्याचे पैसे दिले, मग दोन्हीकडे काळं कशाला?" 'लाखाची गोष्ट' हा सिनेमा १९५२ चा. त्या काळचा पडदाच जवळजवळ चौकोनी होता. तो रुंद पडद्यावर ताणला की सगळे नट बुटके आणि जाडे होतात; झूम केला की डोक्यावरच्या टोप्या कापल्या जातात. पट्टे राहू द्यावेत. पण एक आजोबा शेवटपर्यंत ऐकले नाहीत. रुंद तर रुंद, म्हणाले. त्यांचा टीव्ही, त्यांची मर्जी.

उंचीचं मात्र मी ऐकून घेत नाही, कारण भिंतीला भोकं मीच पाडतो. बिल्डरनं टीव्हीचा पॉइंट दिलेला असतो छातीच्या वर, आणि मग टीव्ही चढतो थेट कॅलेंडरच्या जागी. कारणं तयार असतात. मुलं हात लावतात, खाली शोकेस हवी, दारातून आल्यावर दिसला पाहिजे. पण सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. पडद्याचा मध्य तिथंच यावा. त्रेचाळीस इंची असेल तर खालची कड अडीच-पावणेतीन फुटांवर येते. यापेक्षा फार वर गेलं की मान तर धरतेच, शिवाय खालून बघताना रंग फिके पडतात, आणि फोन मला येतो की पॅनेल खराब निघालं. फारच वर लावायचा असेल तर पुढं झुकणारा ब्रॅकेट घ्या. नव्या इमारतींत भिंती हलक्या पांढऱ्या ठोकळ्यांच्या असतात, बोटानं खरवडलं तरी भुगा निघतो. तिथं नेहमीचा प्लग धरत नाही, त्या भिंतीचे वेगळे मिळतात. ड्रिलमधून लाल भुगा येतोय की पांढरा, एवढं ठोकणाऱ्यानं बघितलं तरी पुरे. आणि समोरच्या भिंतीला खिडकी नको. दुपारच्या मॅचला पडद्यावर खेळाडूंऐवजी स्वतःची गॅलरी दिसते.

आवाजाबद्दल तक्रार नेहमी आजींची असते, आणि घरचे म्हणतात त्यांना कमी ऐकू येतं. पूर्ण खरं नाही ते. ट्यूबच्या टीव्हीला खोली होती, स्पीकर पुढं तोंड करून बसायचा. आताचा टीव्ही दोन बोटांचा. स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून, आणि आवाज भिंतीला आपटून येतो. पार्श्वसंगीत मोठं, संवाद पुसट. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'न्यूज' असं काहीतरी असतं; ते लावलं आणि सराउंड बंद केलं की आजींचा अर्धा बहिरेपणा जातो. तरी भागलं नाही तर साधा साउंडबार घ्या आणि तो टीव्हीच्या त्या एचडीएमआय भोकात लावा जिथं एआरसी लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच रिमोटवर चालतो. दुसऱ्या रिमोटचं ओझं घरातल्या म्हाताऱ्यांवर टाकू नये.

माझ्या टेबलावर बिघडून येणाऱ्यांत दोन प्रकार असे आहेत की बघितले की जीव हळहळतो, कारण दोन्ही टाळता येण्यासारखे.

एक वळवाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मेलेले टीव्ही येतात. घरचे शपथेवर सांगतात की आम्ही प्लग काढला होता हो! काढलेला असतोही. पण डिशची वायर काढलेली नसते. वीज जवळपास कुठंही पडली तरी तिचा धक्का गच्चीवरच्या डिशवरून वायरीत, वायरीतून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयनं टीव्हीच्या मुख्य बोर्डावर. पाठ उघडली की कळतं. एचडीएमआयच्या भोकाशेजारचा आयसी फुटलेला असतो, कधी नुसता टाचणीएवढा काळा डाग. केबल इंटरनेटची तांब्याची वायर थेट टीव्हीत लावली असेल तर तीही तोच रस्ता. तेव्हा गडगडायला लागलं की प्लग काढा आणि डिशची वायरही मागून फिरवून काढा. स्टॅबिलायझरचं लोक फार विचारतात. आताचे बहुतेक टीव्ही शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टवर चालतात, मागच्या पट्टीवर छापलेलं असतं ते वाचा. कमी दाबाला ते डगमगत नाहीत. त्यांना मारतो तो लाईट परत येतानाचा झटका. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण घराला अर्थिंगच नसेल तर त्याचाही फारसा उपयोग नाही. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. नुसतं भोक.

दुसरा दिवाळीच्या साफसफाईचा. काच पुसायचा निळा फवारा थेट पडद्यावर मारतात. पण तो पडदा काचेचा नसतो, वर पातळ फिल्म असते, तिच्यावर ढग येतात. त्याहून वाईट म्हणजे फवारा ओघळून खालच्या पट्टीत उतरतो. तिथं पॅनेलच्या कडेला कागदासारख्या लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांवर पॅनेल चालवणाऱ्या बारीक आयसी. थेंबभर पाणी तिथं पोचलं की एक उभी रेघ येते, मग तिच्याशेजारी दुसरी. पट्टी पुन्हा चिकटवायचं यंत्र असतं, काही जण करतात, टिकेलच याची हमी कुणी देत नाही. पॅनेल बदलायचं म्हटलं तर त्याची किंमत टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाते, आणि पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही. टीव्ही बंद करा, गार होऊ द्या आणि चष्मा पुसायच्या मऊ फडक्यानं कोरडाच पुसा. फारच तेलकट असेल तर फडकं किंचित ओलं. टीव्ही नको.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी थोडक्यात: खोकं उभंच आणायला लावा, उघडताना मोबाईलवर चित्रण करा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर ठेवा. अडचण होते, पण ठेवा.

अलीकडे नवीनच तक्रार वाढली आहे. टीव्ही मंद झाला. चित्र झकास, पण यूट्यूब उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागतो, अॅप मध्येच बंद पडतं, एखादं अॅप तर या टीव्हीवर चालणार नाही म्हणून सांगतं. स्मार्ट टीव्हीच्या आत एक छोटा संगणक असतो आणि स्वस्त टीव्हीत तो फारच छोटा, एक-दीड जीबी रॅमचा. पॅनेल दहा वर्षं चालेल, पण हा चार-पाच वर्षांत दमतो. परवा धायरीत एका घरी गेलो तर नवरा तयारीतच बसला होता. टीव्ही सहा वर्षांचा, त्याच्या डोक्यात पासष्ट इंची भरलेला, मोबाईलवर ईएमआयसुद्धा काढून ठेवलेला. त्याला माझ्याकडून फक्त "हा गेला" एवढं हवं होतं. मी टीव्ही बघितला. पॅनेलवर डाग नाही, मागच्या दिव्यांच्या पट्ट्या एकसारख्या पेटलेल्या, एकही मेलेला ठिपका नाही.

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मागं एचडीएमआयला एक स्ट्रीमिंग स्टिक लावा. टीव्हीचं इंटरनेट बंद करून टाका, सगळं त्या स्टिकवर बघा. आणि राउटर कपाटामागून बाहेर काढा."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे नवीन घ्यायची गरज नाही?"

"गरज नाही. हौस असेल तर घ्या."

तो आणखी काही विचारणार, तेवढ्यात आतून कुकरच्या शिट्टीवर आवाज आला, "दादा, त्या स्टिकचं नाव जरा कागदावर लिहून द्या. आणि कागद माझ्याकडे द्या."